मिरचीअप्पा आणि माझी तांबडी

आपल्या घरातल्या कुठल्याही वस्तूला वाईट म्हणणं मिरचीअप्पांना जमत नसे. नळाला आठ दिवसांनी पाणी आलं, तर ते अंगणात उभे राहून म्हणायचे, "धार बघा की, काय जोर आहे!" त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, पोहे करपले, तर रंग छान उतरलेला असायचा. मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडे नेलं, तर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या डोळ्याचीच तारीफ सुरू केली. डोळा पहिल्या नंबरचा आहे, सत्तर वर्षांत एकदाही तक्रार नाही, फक्त समोर कोण बसलंय ते कळत नाही. डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं आणि काकूंनी कपाळाला हात लावला. ऑपरेशन नीट झालं, पण अप्पा पुढं सगळ्यांना सांगत राहिले की जुना डोळाही काही कमी नव्हता.

ही सवय धंद्यातली. अप्पा चाळीस वर्षं हुबळीच्या बाजारात मिरचीचे दलाल होते. घराणं मूळचं सांगलीकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत गेलेल्या. त्यामुळे अप्पा बोलायला मराठीत सुरुवात करायचे, रंगात आले की कन्नडमध्ये शिरायचे आणि आकडेमोड पुन्हा मराठीत करायचे. शेतकऱ्यानं आणलेल्या मिरचीच्या ढिगाशी उभं राहून ती व्यापाऱ्यापुढं नावाजायची, हे त्यांचं काम. खोटं ते बोलत नसत. मिरचीत ओल असेल तर ओल आहे म्हणून सांगायचे, पण अशा थाटात की घेणाऱ्याला वाटावं, आपल्याला ओल फुकट मिळाली. "माल दुसऱ्याचा, विश्वास आपल्यावर," असं ते म्हणत. "आपणच नावं ठेवली तर घेणारा काय आरती ओवाळणार?" अप्पा जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

हेच अप्पा गिऱ्हाईक झाले की मात्र तोंड फिरलंच म्हणून समजा. जगातली प्रत्येक विकाऊ वस्तू टाकाऊ ठरायची. सुभाष रोडवरच्या छत्रीवाल्याला त्यांनी एकदा ऐकवलं होतं की या छत्रीखाली भिजण्यापेक्षा मी बाहेर भिजतो, निदान छत्रीचे पैसे वाचतील. यल्लव्वा नावाची एक भाजीवाली होती. तिच्या वांग्यांना ते दर आठवड्याला इतकं घालून पाडून बोलायचे की नवखा माणूस मध्ये पडला असता. एकदा घसा बसला म्हणून अप्पांनी गुपचूप वांगी घेतली आणि पैसे दिले, तर यल्लव्वानं मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं की अज्जाची, म्हणजे आजोबांची, तब्येत ठीक आहे ना. मी घसा बसलाय म्हटल्यावर तिनं दोन वांगी जास्तीची घातली.

तिसरी गोष्ट म्हणजे खांद्यावरचा टॉवेल. जुन्या बाजारात भाव तोंडानं सांगायची पद्धत नव्हती. दलाल आणि व्यापारी टॉवेलाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायचे, आणि चारचौघांत उभं राहूनही सौदा दोघांतच राहायचा. बाजार सुटला, अप्पा मुलानं हुबळीबाहेर नवनगरला बांधलेल्या घरात राहायला आले, मुलगा पुण्याला गेला, पण टॉवेल खांद्यावरच राहिला. इस्त्रीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, एकदा तर मंगळागौरीच्या फुलवाल्याशीही अप्पा टॉवेल पुढं करायचे. समोरचा बिचारा त्याला हात पुसायचा.

त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. कलघटगीच्या एका हायस्कुलात मला गणिताची तात्पुरती नोकरी लागली होती. माझं माहेर निपाणीला. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली होती ती एका अटीवर, दोन वर्षांत कायम झालीस तर ठीक, नाही तर मुकाट्यानं घरी यायचं आणि बघायला येणाऱ्यांना पोहे द्यायचे. शाळेची प्रार्थना सव्वाआठला. नवनगरहून बस पकडून, हुबळीला बदलून कलघटगीला पोचायला नऊ वाजायचे. म्हणून मी कर्ज काढून मोटारसायकल घेतली. स्कूटी नव्हे, चांगली दणदणीत तांबडी मोटारसायकल. गल्लीतल्या दोन बायका खिडकीत येऊन बघून गेल्या. अप्पांनी मात्र गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला, रंग थेट बाजारातल्या उत्तम मिरचीचा आहे असा निकाल दिला आणि तिचं नाव तांबडी ठेवलं. दर रविवारी ते धोतर गोळा करून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून माझ्यामागं बसायचे आणि आम्ही सुभाष रोडला बाजाराला जायचो. वेग वाढला की ते घाबरायचे, पण कबूल करायचे नाहीत. म्हणायचे, "पळते छान, जरा हळू पळू दे."

दोन वर्षांत तांबडी एकदाही बंद पडली नाही. कर्जही फिटलं. आणि नोकरीची दोन वर्षं संपून कायम व्हायची कागदं वर गेली असताना, एका दुपारी कलघटगीच्या बाजारात मी मिरचीभजी खात उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत एका ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली मागं आली आणि उभ्या तांबडीवर चढली. आवाज काय झाला ते सांगत नाही. माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. ट्रॅक्टरवाला भला माणूस होता. तो पळून गेला नाही, उलट माझ्यापेक्षा जास्त रडला आणि संध्याकाळी अर्धं पोतं भुईमुगाच्या शेंगा घेऊन हजर झाला. शेंगांवर बसून काही शाळेला जाता येत नव्हतं.

मुख्याध्यापक चांगले होते, पण संस्थेचे लोक कडक. त्यांनी सांगून टाकलं की या महिन्यापुरता पहिला तास दुसऱ्याला देऊ, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बाई प्रार्थनेला हव्यात, नाही तर कायम करायचा विचार दुसऱ्या कुणाचा. माझ्या हातात बावीस दिवस होते. शिल्लक अशी काही नव्हती. तेव्हा सगळी भिस्त विम्यावर. विमा बासष्ट हजारांचा होता, आणि नियम असा की दुरुस्तीचा खर्च त्याच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला तर गाडी पूर्ण गेली असं धरायचं. मग मोडका सांगाडा आपल्याकडेच, त्याची किंमत वजा करून बाकीचे पैसे हातात. त्यात बरी जुनी गाडी आली असती. पण गाडी दुरुस्त होण्यासारखी ठरली, तर सुटे भाग मागवण्यात दोन महिने जाणार, हे गॅरेजच्या मेस्त्रीनं सांगितलंच होतं. म्हणजे तांबडी मेली तर मी वाचणार होते. असं बोलायला जीभ रेटत नव्हती, पण होतं ते असं होतं.

हे सगळं मी अप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. विम्याचा सर्व्हेयर शनिवारी दुपारी येणार होता. अप्पा म्हणाले, गॅरेजमध्ये कशाला, माल आपल्या दारात दाखवावा, आपल्या दारात मालाला वजन येतं. मी तांबडीला टेम्पोत घालून अंगणात आणून ठेवलं आणि शनिवारी सकाळच्या शाळेला बसनं गेले. हीच माझी चूक.

दुपारी परत येऊन बघते तर अंगणात तांबडी झळकत होती! अप्पांनी सकाळपासून गल्लीतल्या चार माणसांना कामाला लावलं होतं. चिखल धुतला होता. वाकडं हँडल लोखंडी पाइप घालून सरळ केलं होतं. फुटलेला दिवा चिकटपट्टीनं जोडून वर काचेचा तुकडा बसवला होता. टायरांना खोबरेल तेल चोळलं होतं. आणि टाकीवरच्या पोच्यावर, तो दिसू नये म्हणून, झेंडूचा हार. शेजारी अप्पा कोट-टोपी घालून उभे, चेहरा असा की ढीग लावला आहे, आता व्यापारी येऊ देत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी मुलांना दहादा सांगितली असेल, पण ती कशी दिसते ते त्या दिवशी पाहिलं. हार ओढून काढायला मी पुढं झाले, तोच फाटकाशी सर्व्हेयर.

पोरगेलासा कन्नड इंजिनियर होता, कामाला चोख. त्यानं हाराकडं बघितलं, टायरांचा वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. अप्पांनी बोलायला सुरुवात केली. इंजिन सोन्यासारखं आहे, एका लाथेत चालू होतं, एवढी ट्रॉली अंगावर गेली तरी बघा कशी ताठ उभी आहे. मी मागून त्यांचा कोट ओढत होते. त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे, त्यामुळे ते आणखी चढले. शेवटी त्यांनी सर्व्हेयरला खुर्चीवर बसवलं, स्वतः जवळ सरकले, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि डोळे मिचकावून हात पुढं केला.

सर्व्हेयर ताडकन उठला. टॉवेलाखालून पैसे देतायत असं त्याला वाटलं. कन्नडमध्ये तो जे बोलला त्याचा अर्थ इतकाच की अज्जा, तुमचं वय बघून मी गप्प राहतो, पण हे माझ्याकडं चालत नाही. अप्पांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की मला रागवायचंही सुचेना. आयुष्यात त्यांनी कुणाला चहासुद्धा मतलबानं पाजला नव्हता. सर्व्हेयर निघून गेला आणि तीन दिवसांनी पत्र आलं. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, मंजूर रक्कम एकतीस हजार, दुरुस्तीची बिलं दाखवल्यावर.

त्या संध्याकाळी मी अप्पांना नको ते बोलले. तुमचं तोंड गोड, पण त्यापायी माझी भाकरी गेली, असं बोलले. तुम्हाला माझं भलं करायचं होतं की तुमची हौस फेडायची होती, असंही बोलले. अप्पांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते चहाला वर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "जेवताना भाजी कशी झाली ते सुद्धा सांगत नाहीत ग." मला स्वतःची लाज वाटली, पण माफी मागायची तर मागणार कशी, मीही हट्टीच.

मेस्त्रीचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते गाडीची चौकटच वाकली होती, आणि सगळं उघडून दाखवलं तर पुन्हा तपासणी मागता येते. मी अपघाताच्या दिवशीचे फोटो जोडून अर्ज केला. मंजूर झाला. आता गॅरेजमध्ये सर्व्हेयरपुढं गाडीची खरी दशा मांडायची होती, आणि त्याच वेळी मोडक्या सांगाड्याचा भावही ठरायचा होता. तो जितका कमी, तितके विम्याकडून माझ्या हातात जास्त. मला घासाघीस जमत नाही. मी दुकानात वस्तूची किंमत विचारते आणि ओशाळून तेवढे देऊन येते. मुकाट्यानं खाली गेले आणि अप्पांना म्हटलं, तुमच्याशिवाय माझं कोण आहे या गावात.

अप्पा लगेच उठले. पण खरी गंमत पुढंच. त्यांना तांबडीला नावं ठेवता येईनात! दोन दिवस ते अंगणात येरझाऱ्या घालत तालीम करत होते. "ही गाडी वाईट आहे," असं मोठ्यानं म्हणायचे, मग थांबायचे आणि हळूच जोडायचे, "पण टाकी चांगली आहे." पुन्हा सुरुवात. "हिचं चाक मोडलंय. दुसरं मात्र काय सुरेख आहे!" मी वरून ऐकत होते आणि हसू की रडू कळत नव्हतं. एक तारीख आठ दिवसांवर आली होती. शेवटी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दोन वाक्यांत त्यांनी चाळीस वर्षांचा गुंता सोडवला. "अहो, विकायला कशाला उभं राहता? घ्यायला जा की."

अप्पा जागच्या जागी थांबले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सुभाष रोड उगवला.

गॅरेजमध्ये सर्व्हेयर आला तेव्हा तांबडी उघडून ठेवली होती, टाकी काढलेली, सीट बाजूला. त्यानं अप्पांकडं जरा संशयानं बघितलं. अप्पांनी नमस्कार केला, टॉवेल घडी करून खिशात ठेवला आणि कन्नडमध्ये सांगितलं की साहेब, त्या दिवशी मी दलाल होतो, आज मी गिऱ्हाईक आहे, हा मोडका माल मला घ्यायचा आहे, तुम्ही फक्त ऐका. मग ते माझ्याकडं वळले, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"किती म्हणता या सांगाड्याचे, बाई?"

मी गडबडले. तोंडाला आलं ते बोलले, वीस हजार. अप्पा हसले. ते हसणं ऐकून यल्लव्वाच्या वांग्यांनाही घाम फुटला असता. त्यांनी टाकी उचलली आणि विचारलं की यात पेट्रोल घालायचं की ट्रॅक्टरवाल्याच्या शेंगा. चाक फिरवलं, ते लटपटलं, तर म्हणाले की चाक गोल असतं असं मी लहानपणापासून ऐकून आहे. हॉर्न दाबला. कोंबडं पाळलं तर ते निदान वेळेवर ओरडतं, असं मत दिलं. सीटकडं बोट दाखवून म्हणाले की या सीटचा हिशेब माझ्या कमरेला विचारा.

आणि इथं माझं डोकं फिरलं. मला माहीत होतं की हे नाटक आहे. माझ्याच भल्यासाठी चाललंय हेही माहीत होतं. पण कुणी समोर उभं राहून आपल्या गाडीला असं बोलायचं म्हणजे काय! मी म्हटलं, लिटरला पंचावन्न देते ती. अप्पा म्हणाले, चाळीस. मी म्हटलं, पंचावन्न, आणि घाटातसुद्धा. ते म्हणाले, घाटात उतरताना देत असेल. मी चिडून म्हटलं की दोन वर्षांत एकदा बंद पडली असेल तर शपथ, तुम्हीच तर मागं बसत होता, तेव्हा कुठं गेली होती तुमची कंबर? मेस्त्री मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होता. मी कसली गप्प बसते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत मी तांबडीचे गुण गात सुटले होते आणि अप्पा एकेक गुण उपटून मातीत टाकत होते. सर्व्हेयर आधी वहीआड हसत होता, मग वही खाली पडली, मग तो चक्क टायरच्या ढिगावर बसला आणि चष्मा काढून डोळे पुसू लागला.

"आणि ही चौकट," अप्पा वाकून म्हणाले, "ही बघा..." आणि एकदम थांबले. चेष्टा करायला तिथं जागाच नव्हती. टाकी असते तिथं, हँडलच्या सांध्याखाली, लोखंडाला केसाएवढी भेग गेली होती. मेस्त्रीनं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून दाखवली. चौकट दोन बोटं सरकलेली होती. सर्व्हेयर उठला, हसणं आवरलं, बॅटरी मारून बघितलं, मोजमाप घेतलं, फोटो काढले. मग तो म्हणाला की चौकट बदलायची तर खर्च पाऊण हिश्श्याच्या कितीतरी वर जातो, ही गाडी गेली. हार घातला होता तेव्हा मला हे दिसायला हवं होतं, असंही प्रामाणिकपणे म्हणाला.

मी ज्यासाठी देव पाण्यात घातले होते ते झालं होतं, आणि मी मात्र काढून ठेवलेली टाकी रुमालानं पुसत बसले होते.

पुढची घासाघीस अप्पांनी उघड, तोंडानं केली, बहुधा जन्मात पहिल्यांदा. सर्व्हेयरनं भंगारवाल्याचा अंदाज घेऊन सांगाड्याचे अठरा हजार धरले होते. अप्पांनी सहा म्हटलं. तो सोळावर आला, अप्पा सातवर. मग अप्पांनी बाजारातला शेवटचा डाव टाकला, धोतर झटकून उठले आणि निघाले. गिऱ्हाईक असं निघालं की मागून हाक यायचीच, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. पण विम्याच्या नियमांत काम करणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलं होतं? तो निवांत फॉर्म भरत बसला. अप्पा चालत चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, तिथं थांबले, बसकडं बघितल्यासारखं केलं आणि चष्मा विसरल्याचं सांगत परत आले. चष्मा डोळ्यांवरच होता. सर्व्हेयर इतका हसला की तेराला तयार झाला. शेवटी भंगारवाल्यालाच फोन लावला, त्यानं फोटो पाहून बारा सांगितले, आणि वहीत बारा लागले. विम्याकडून माझ्या हातात पन्नास हजार येणार होते.

"आयतु री, अज्जा?" झालं ना, असं सर्व्हेयरनं विचारलं आणि जाता जाता आपला उजवा हात पुढं केला. अप्पांनी खिशातून टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची पाची बोटं दाबली. काय भाव सांगितला कोण जाणे. पोरगा मान डोलावत गेला.

पैसे एकोणतीस तारखेला जमा झाले आणि तीसला मेस्त्रीनं पाहून ठेवलेली एक जुनी निळी गाडी दारात आली. मी पेढे आणि एका पाकिटात दोन हजार घेऊन खाली गेले. दलालाला दलाली द्यायचीच असते, हे अप्पांनीच शिकवलं होतं. पेढा त्यांनी घेतला, आणि नेहमीसारखा नावाजलासुद्धा. पाकीट परत केलं. म्हणाले, "मालाला नावं ठेवून मिळवलेल्यातला पैसा मी कधी घेतला नाही. या वयात नको." मी खूप आग्रह केला, पण त्यांनी विषयच बदलला.

त्याच दुपारी हुबळीहून भंगारवाला छोटा टेम्पो घेऊन आला. मेस्त्रीनं तांबडीला पुन्हा कशीबशी जोडून आमच्या दारात आणून ठेवलं होतं. भंगारवाल्यानं माझ्या हातात बारा हजार ठेवले आणि दोघा हमालांना खूण केली. तेवढ्यात अप्पा घरातून बाहेर आले. कोट, टोपी, खांद्यावर टॉवेल, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी हमालांना थांबवलं, गाडीजवळ गेले, टाकीवर हात ठेवला आणि भंगारवाल्याला मोठ्यानं, अगदी ढिगाशी उभं राहून सांगावं तसं सांगायला लागले. इंजिनात एक खोट नाही. लिटरला पंचावन्न देते, घाटातसुद्धा. दोन वर्षांत एकदा बंद पडली नाही. रंग बघा, बाजारात असा रंग वर्षातून एकदा येतो. या पोरीला रोज पहाटे नेलं आणि रोज सुखरूप घरी आणलं.

भंगारवाला बुचकळ्यात पडला. "अज्जा, भाव ठरला, पैसे दिले. आता हे मला कशाला सांगता?"

"तुम्हाला नाही सांगत," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी तिच्या तोंडावर फार बोललो. जाताना खरं काय ते तिनं ऐकून जावं."

टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत अप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. मी रस्त्यातच रडले, भंगारवाल्यादेखत, हमालांदेखत, खिडकीतल्या दोघी बायकांदेखत. दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, आठ वाजून दहा मिनिटांनी मी कलघटगीला शाळेच्या फाटकात होते.